बोर्डिंगातल्या दडपलेल्या अत्याचारावर थ्रिलर लिहिताय? मग निदान या क्रमाने लिहा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाचायला आलेली बरीच हस्तलिखितं एकाच गोष्टीची आहेत. चार-पाच बालमित्र, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पावसातलं एखादं हॉस्टेल, पंचवीसेक वर्षांनी कुणीतरी मरतं नाहीतर गेट-टुगेदर ठरतं आणि मग जुनं काहीतरी वर येतं. विषय खरा आहे आणि लिहिणाऱ्यांची तळमळही खरी आहे, पण जवळजवळ सगळे एकाच खड्ड्यात पडतात. तीनशे पानं लपवायचं आणि शेवटच्या वीस पानांत सांगायचं की आमच्यावर अत्याचार झाला होता. वाचकाने ते पन्नासाव्या पानावरच ओळखलेलं असतं, मग मधली अडीचशे पानं तो नुसता लेखकाची वाट बघत बसतो.

अत्याचार हा ट्विस्ट नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. 'काय झालं' हे वाचकाला लवकर कळू दे. ताण येतो तो 'कोणाला माहीत होतं, कधीपासून, आणि गप्प राहून त्याला काय मिळालं' यातून. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत आणि त्यांचा क्रम मोडू नका, कारण तिसरा टप्पा न करता पाचव्याला हात घातला की पुस्तक शंभराव्या पानावर अडकतं, हे मी अनेकांचं बघितलंय.

टप्पा १: लिहायच्या आधी, गोष्ट कोणाची आहे ते ठरवा

गोष्ट तुमची स्वतःची असेल तर एक काम आधी करा. ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं असा एक माणूस ठरवा आणि त्याला सांगून ठेवा की मी हे लिहितोय, मध्ये मला फोन करावा लागेल. जुनं उकरताना झोप जाते, छातीत धडधडतं, घरच्यांवर चिडचिड होते. असं झालं तर लिहिणं थांबवा, हस्तलिखित कुठे पळून जात नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आणि आपल्या भागातून धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे.

गोष्ट मित्राची असेल तर त्याला विचारा. नुसतं 'लिहू काय रे?' विचारून भागत नाही. कुठला प्रसंग, किती, कशात बदल करून, हे सगळं बोला. दारूच्या बैठकीत रात्री दोन वाजता त्याने सांगितलेलं म्हणजे परवानगी नव्हे. तो नाही म्हणाला तर ती गोष्ट सोडा आणि दुसरी रचा.

सावधान: माहिती काढायला म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणाकोणाच्या बाबतीत झालं होतं?' असा मेसेज टाकू नका. त्या ग्रुपात ज्याच्या बाबतीत झालं तोही असतो आणि ज्याने बघून न बघितल्यासारखं केलं तोही असतो.

टप्पा २: संस्था कागदावर उभी करा

बहुतेक हस्तलिखितांत हॉस्टेल म्हणजे नुसती एक भुताटकीची इमारत असते, लांब व्हरांडा, करकरणारं दार, धो धो पाऊस. असल्या वातावरणाने दोन पानं निघतात, पुढे काय? संस्था चालते ती नियमांवर, पैशावर आणि वेळापत्रकावर. म्हणून आधी इमारतीचा नकाशा काढा. रेक्टरची खोली कुठे, संडास किती लांब, रात्री तिकडे जाताना कोणाच्या खिडकीसमोरून जावं लागतं, किल्ल्या कोणाकडे. मग दिवसाचं वेळापत्रक, पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत. मग पैसा: फी कोण भरतं, कोणाची माफ आहे, माफ करायचा अधिकार कोणाच्या हातात. फीमाफीचा कागद ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुलाचं तोंड बंद ठेवणंही असतं. हे एक वाक्य भिंतीवर चिकटवून ठेवा.

पत्रांचंही तसंच. मी पाचवी ते दहावी बोर्डिंगात काढलीत, आमच्याकडे अंतर्देशीय पत्र न चिकटवता रेक्टरकडे द्यायचं, ते वाचून मग चिकटवून टाकायचे. त्यामुळे सगळ्या पोरांची सगळी पत्रं सारखीच, 'मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, काळजी नसावी'. तुमच्या कादंबरीत असला एक नियम असला की दहा पानांचं भीतीचं वर्णन वाचतं.

आता आपल्या भागाच्या चुका, या मला दर हस्तलिखितात लाल पेनने खुणवाव्या लागतात:

कर्नाटकातल्या मराठी शाळेत मोठी सहामाही सुट्टी दसऱ्याची असते, पुण्या-मुंबईसारखी दिवाळीची नाही. पोरं ट्रंक घेऊन गावी जातात ती दसऱ्याला. दहावीच्या परीक्षेला एसएसएलसी म्हणतात आणि पुढे पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी. तालुक्याला बीईओ, म्हणजे शिक्षण खात्याचा अधिकारी असतो, आणि बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन भाग आहेत, बेळगाव आणि चिकोडी, त्यामुळे निपाणीचा तक्रारअर्ज तुम्ही बेळगावच्या ऑफिसात पाठवला तर तो चिकोडीला जाण्यात महिना जाईल (हा महिना कथेत वापरता येतो बघा). इंग्रजी पाट्यांवर 'बेळगावी' हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून आलं, १९९६ च्या प्रसंगात ते दिसता कामा नये. आणि १९९६ ला जांबोटीकडच्या पोराच्या हातात मोबाईल नसतो, एसटीडी बूथ असतो, तोही बाजारात.

तपासा: तुमच्या संस्थेतलं एक मूल रात्री घाबरलं तर ते कोणकोणत्या दारांपर्यंत पोचू शकतं, हे नकाशावर बोटाने दाखवता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: 'कोणाला काय माहीत' हा तक्ता

हाच खरा टप्पा आणि हाच सगळे गाळतात.

मोठा कागद आडवा घ्या. वरच्या ओळीत वर्षं लिहा, समजा १९९५ पासून आजपर्यंत. डाव्या बाजूला माणसं. मित्र तर आहेतच, पण मेसमधल्या मावशी, वॉचमन, हेडमास्तर, संस्थेचे एक संचालक, तालुक्याचे डॉक्टर आणि निदान एका मुलाचे आईवडील, यांनाही जागा द्या. आता प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी भरायच्या: त्याने काय बघितलं, त्याला काय समजलं, आणि त्याने कोणाला सांगितलं.

बघणं आणि समजणं यात जे अंतर असतं त्यात तुमची कादंबरी असते. उदाहरण घेऊ. आपल्या चार मित्रांपैकी एक मॉनिटर आहे. तेरा वर्षांचा. वीज गेली की कंदील घेऊन 'सरांनी बोलावलंय' हा निरोप अमुक पोराला द्यायचं काम त्याचं. त्याने बघितलं १९९६ ला. समजलं कॉलेजात, १९ व्या वर्षी. सांगितलं कोणालाच नाही, कारण त्याची तीन वर्षांची फी माफ झाली होती आणि ती का झाली हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नाही. आज तो स्वतः एका शाळेचा हेडमास्तर आहे. बघा, एका चौकोनातून किती निघालं. गेट-टुगेदरला तो हॉल बुक करतो, जेवणाचं बघतो, सगळ्यांना गाडीत घालून आणतो, आणि जुन्या हॉस्टेलकडे जायचा विषय निघाला की 'रस्ता खराब आहे' म्हणतो. वाचकाला काही सांगायची गरजच नाही.

दुसरा, जो पळून गेला होता. त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं, पण प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट आहे. तिसरा सरांचा लाडका होता, ज्याला इतर पोरं चिडवायची, आणि चिडवणाऱ्यांपैकी दोघे आज त्याचे जिवलग मित्र आहेत. चौथी म्हणजे मेसवाल्या मावशींची मुलगी, हॉस्टेलात न राहता सगळं बघणारी. तिला आईने एकच वाक्य सांगितलेलं, कन्नडमधून, 'यारिगू हेळबेड', कोणाला सांगू नको. आईची नोकरी त्या वाक्यावर होती.

सावधान: मॉनिटरला खलनायक करायचा मोह होईल. करू नका. तेरा वर्षांचं पोर कंदील घेऊन गेलं म्हणजे गुन्ह्यात सामील झालं असं होत नाही. त्याचा हिशोब मोठेपणी सुरू होतो, समजल्यावर त्याने काय केलं तिथून. हे दोन हिशोब मिसळले की पुस्तक बळी गेलेल्यालाच आरोपी करून ठेवतं, मी अशी दोन हस्तलिखितं परत पाठवलीत.

तपासा: तक्त्यात एकही प्रौढ माणूस असा नसेल की ज्याला कळलं आणि तो गप्प राहिला, तर ही एका विकृत माणसाची गोष्ट झाली. मग संस्थेची गोष्ट कुठे राहिली?

टप्पा ४: आठवण कशी परत येते

सिनेमात दिसतं तसं, एक वास आला आणि धाडकन सगळी रीळ सुरू, असं लिहू नका. असल्या आठवणी तुकड्यातुकड्याने असतात. चपलांचा आवाज लख्ख आठवतो पण साल आठवत नाही. खोलीतला भिंतीवरचा कॅलेंडरचा फोटो आठवतो, पुढचं नाही. आणि बऱ्याच जणांना तर सगळं कायमच आठवत असतं, विसर पडलेला नसतो, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं. माझ्या मते हे 'विसरलो होतो' पेक्षा कितीतरी जास्त खरं आहे आणि लिहायलाही जास्त ताकदीचं.

दुसरी बाजूही समजून घ्या. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, २४ जणांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांच्या नावाने सांगितली, तर साधारण पाव लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवायला' लागली. याचा अर्थ अत्याचाराच्या आठवणी खोट्या असतात असा अजिबात काढू नका, आरोपीचे वकील तोच काढतात. कथेसाठी यातून घ्यायचं ते एवढंच की चार मित्र रात्रभर बसून एकमेकांना आठवण करून द्यायला लागले की सकाळपर्यंत चौघांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात. पळालेल्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट मॉनिटर आपल्या बाबतीत घडली म्हणून सांगायला लागतो. पुढे कोर्टात नेमकं हेच उलटतं. त्यामुळे तुमच्या पात्रांनी एकत्र बसायच्या आधी ज्याने त्याने आपापलं लिहून ठेवलं का नाही, यावर अख्खा उत्तरार्ध फिरवता येतो.

टप्पा ५: ठिणगी आणि प्रकरणांचा क्रम

वर्तमानातली ठिणगी लहान ठेवा. निनावी पत्र, गूढ फोन, भिंतीवर रक्ताने लिहिलेलं, हे नको. संस्थेचा अमृतमहोत्सव आहे आणि सरांच्या सत्कारासाठी वर्गणी गोळा करायचीय, एवढं बस्स. कोण किती देतो आणि कोण देत नाही.

क्रम असा ठेवा: पहिल्या चौथाईत वाचकाला काय झालं ते कळतं. मधल्या भागात कोणाला माहीत होतं ते एकेक करून. शेवटच्या चौथाईत त्याचं काय करायचं यावर मित्रांचं फाटतं. भूतकाळाची प्रकरणं छोटी आणि फक्त त्या मुलाला त्या वेळी जेवढं समजत होतं तेवढीच.

टप्पा ६: कायदा, इथे सगळ्यात जास्त चुका

शेवटी पोलीस येतात, 'पॉक्सो' (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) 'लागला' म्हणतात आणि सर आत. १९९६ च्या घटनेला पॉक्सो लागतच नाही. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि राज्यघटनेच्या कलम २० प्रमाणे मागच्या कृत्याला नंतरच्या कायद्याची शिक्षा देता येत नाही. तसंच १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, पण जुन्या गुन्ह्याला गुन्हा झाला त्या वेळचा कायदा, म्हणजे भारतीय दंड संहिता.

मुदतीचंही तसंच. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला मुदत नाही, तीस वर्षांनीही तक्रार होते. एक ते तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर तीन वर्षांची मुदत. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे पण कोर्टाला कारण पटावं लागतं. आता हे आपल्या मित्रांना लावून बघा. मुलावर बलात्कार झाला असेल तर त्या काळात कलम ३७७, शिक्षा मोठी, मुदत नाही. पण मावशींच्या मुलीच्या अंगाला हात लावला होता, तर त्या वेळचं कलम ३५४, तेव्हा शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, म्हणजे मुदत कधीच संपली. वेताने फोडून काढलं होतं, तेही संपलं. आणि मुलाला नुसता घाणेरडा स्पर्श, त्याला तर त्या काळात धड कलमच नव्हतं. म्हणजे चौघं वकिलासमोर बसलेत आणि वकील सांगतोय की तुमच्यापैकी एकाचंच उभं राहील, आणि तो एक म्हणजे ज्याला बोलायचंच नाही. यापेक्षा मोठा प्रसंग तुम्हाला कल्पनेने सुचणार नाही, कायद्याने आयता दिलाय, आणि लोक तो सोडून पाठलाग लिहितात.

अजून एक. पॉक्सोचं कलम १९ सांगतं की लहान मुलावर असा गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्या किंवा होईल अशी भीती वाटणाऱ्या कोणीही पोलिसांना कळवायलाच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं दडवलं तर वर्षापर्यंत. मग तुमच्या कथेत सर अजून हॉस्टेल चालवत असतील, आज तिथे चाळीस पोरं झोपत असतील, आणि एखाद्या पोराचं काहीतरी मित्रांच्या कानावर आलं, तर गप्प बसण्याचा गुन्हा आता मित्रांच्या अंगावर येतो. जुनी गोष्ट एका रात्रीत आजची होते. मॉनिटर-हेडमास्तरच्या पायाखालची वाळू सरकते ती इथे.

पोलीस स्टेशनच्या प्रसंगात भाषा विसरू नका. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवायची असते आणि प्रत फुकट द्यायची असते, पण लिहिलं जातं कन्नडमध्ये. आपला माणूस बोलतो मराठीत, हवालदार मराठी समजतो, लिहितो कन्नड, आणि 'अंगावर हात टाकला' याचं तिकडे काय झालं हे सही करणाऱ्याला कळत नाही. घटना खानापूरची आणि मित्र बेळगावच्या टिळकवाडीत राहतोय तर तो जवळच्या स्टेशनातही झिरो एफआयआर देऊ शकतो, 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. हायकोर्टात गेलात तर आपल्याकडचं खंडपीठ धारवाडला, बेंगळूरला पळवू नका पात्रांना.

तपासा: कथेतल्या प्रत्येक घटनेसमोर साल आणि त्या सालातलं कलम लिहा, आणि छापायच्या आधी फौजदारी वकिलाला दाखवा. बेळगाव कोर्टात चहा पाजला की तासभर बसणारे भले वकील आहेत अजून.

टप्पा ७: तो प्रसंग

तो दाखवू नका. लहान मुलाच्या अंगाचं, त्या कृत्याचं वर्णन एका ओळीचंही नको. थरार आणायला ते वापरणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं, मला याबाबत दुसरं काही ऐकायचंच नाही. दाराच्या अलीकडे थांबा किंवा थेट दुसऱ्या दिवशी सकाळी या.

काय दाखवायचं त्याचं एक उदाहरण, एका हस्तलिखितातलं, लेखकाला विचारून सांगतोय. पोराला घरी जायचंय पण पत्र सर वाचणार. म्हणून तो लिहितो, 'आई, माझी ट्रंक घरी ने.' त्याला वाटतं आईला कळेल, ट्रंक नेली की मलाही नेईल. आई पत्र वाचते, तिला वाटतं ट्रंक मोडली असेल, आणि ती शेजाऱ्याबरोबर नवीन कुलूप पाठवते. पोरगा ते कुलूप घेऊन खाटेवर बसतो. बस्स. त्या प्रकरणात अजून काहीच नाही, आणि मला ते वाचून दोन दिवस दुसरं काही वाचता आलं नाही.

टप्पा ८: बोलणं

थोडक्यात सांगतो. सगळी पात्रं सदाशिव पेठी बोलतात ही तक्रार कायमची. आपल्याकडे 'जेवलास काय?', 'ये की गा', 'काय करालायस' असं बोलतात, मध्येच कन्नड शब्द येतो, शिवी तर हमखास कन्नड. पण दर वाक्यात बोली ठासू नका, वाचणारा दमतो. बालमित्र एकत्र आले की बोली वाढवा आणि पुण्या-बेंगळूरला नोकरी केलेला मित्र आधी शुद्ध बोलतो, रागावला की घसरतो, तेवढं पुरे. सर मात्र शुद्ध मराठी बोलू देत, गोड आवाजात.

टप्पा ९: दुसरा ड्राफ्ट आणि छपाई

महिनाभर बाजूला ठेवा. मग फक्त एकेका पात्राची पानं काढून सलग वाचा, तक्ता शेजारी ठेवून. ज्याला १९ व्या वर्षी समजलं तो १५ व्या वर्षी समजल्यासारखा वागत नाही ना, हे असंच वाचून सापडतं, नाहीतर नाही. मग तिघांना वाचायला द्या, त्यातला एक तरी बोर्डिंगात राहिलेला हवा, आणि त्याला आधी सांगा की आत काय आहे. मी एकदा एका कार्यक्रमात न सांगता असलं प्रकरण वाचायला घेतलं होतं, तिसऱ्या रांगेतला एक पन्नाशीचा माणूस उठून बाहेर गेला आणि पाऊस असूनही परत आत आला नाही. तेव्हापासून वाचायच्या आधी सांगतोच.

खऱ्या घटनेवर बेतलं असेल तर 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ तुम्हाला वाचवत नाही. गाव, नदी, शाळेचं वर्ष, सरांचा विषय, त्यांची लकब, यावरून माणूस ओळखू आला की बदनामीची केस होऊ शकते. आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर अत्याचार झाला ती व्यक्ती ओळखू येईल असं छापणं हा तर वेगळाच गुन्हा ठरू शकतो, बलात्कार झालेल्या बाईची किंवा मुलीची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून एक गोष्ट बदलून थांबू नका, तालुका, साल, विषय, सगळं हलवा.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर, अर्पणपत्रिकेच्याही आधी, आत काय आहे ते दोन ओळींत लिहा आणि खाली १०९८ हा लहान मुलांसाठीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर छापा. ठळक अक्षरात, कारण चष्मा न लावता वाचणारे बरेच असतील. आणि मुखपृष्ठावर खऱ्या हॉस्टेलच्या गेटचा फोटो टाकू नका, धूसर केला तरी नको, तिथे राहिलेली माणसं ते गेट शेजारच्या झाडावरून ओळखतात.